देवघरातील पाषाण: पंचायतन, शाळिग्राम, तांदळा आणि एक न ओळखता आलेला गोटा

ताम्हण (लेखिकेचे सदस्यनाम; मूळ लेख, त्याखाली इतर सदस्यांचे प्रतिसाद)

आजीचे देवघर काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आले. टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, घंटा, शंख हे सर्व ओळखीचे आहे. प्रश्न आहे तो तांब्याच्या एका लहान ताम्हणात ठेवलेल्या सहा दगडांचा. त्यांची पूजा आजी शेवटपर्यंत स्वतः करीत असे, परंतु त्यांच्याविषयी तिला विचारून ठेवावे हे आम्हा कोणालाच कधी सुचले नाही.

पहिला काळाभोर, लिंबाएवढा. त्याच्या एका बाजूस तोंड असून आत चक्राच्या रेषा दिसतात. अर्थात हा शाळिग्राम. त्याच्या तोंडाजवळ टवका उडालेला आहे. दुसरा लंबगोल, मधाच्या रंगाचा, कमरेभोवती जानव्यासारखी पांढरी रेघ असलेला बाण, म्हणजे नर्मदेतील शिवलिंग. तिसरा तांबडा, चौथा स्फटिक. पाचवा पितळेची झाक असलेला खडबडीत तुकडा आहे आणि त्याचाच मोठा घोर आहे. त्याच्याभोवती राखाडी-पिवळट पूड पडते, हात लावला की कण सुटतात, आणि ताम्हणाजवळ नाक नेले तर गंधकासारखा वास येतो. सहावा दगड चपटा, काळपट, तळहाताच्या निम्म्या आकाराचा. त्यास ना चक्र, ना रेघ, ना चमक. एक बाजू घासून गुळगुळीत झाल्यासारखी आहे आणि तिच्यावर गंधाचे जुने थर बसले आहेत.

पहिले पाच मिळून पंचायतन, म्हणजे एकत्र पुजले जाणारे पाच देव, होते आणि त्यांतील पाचवा दगड देवीचा, एवढे मला कळते. एका नातेवाइकांचे म्हणणे असे की, टवका उडालेला शाळिग्राम आणि झिजणारी देवी ही दोन्ही भग्न झाली असून ती वाहत्या पाण्यात विसर्जित करून नवी आणावीत. देवी झिजते आहे हे कोपाचे लक्षण आहे, असेही त्यांनी सुचवून ठेवले. दुसऱ्या नातेवाइकांनी मला शाळिग्रामास हातच लावू नये असे बजावले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

संध्यापात्र

ताई, आपण वर्णन केलेले पहिले पाच पाषाण हे पंचायतनच आहे, यात शंका नाही. विष्णूसाठी गंडकीतील शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेतील बाण, गणपतीसाठी शोण नदीतील तांबडा शोणभद्र, सूर्यासाठी स्फटिक आणि देवीसाठी पितळी झाक असलेला सुवर्णमुखी पाषाण, ही परंपरेने ठरलेली पाचांची ओळख होय. ज्याची उपासना मुख्य, तो मध्यभागी बसतो आणि उरलेले चौघे कोपऱ्यांत. शिवपंचायतनात ईशान्येस विष्णू, आग्नेयेस सूर्य, नैर्ऋत्येस गणपती आणि वायव्येस देवी असते. विष्णू मध्यभागी असल्यास ईशान्येस शिव, आग्नेयेस गणपती, नैर्ऋत्येस सूर्य आणि वायव्येस पुन्हा देवीच. आपल्याकडील मध्याचा देव कोणता हे ताम्हणातील जुन्या डागांवरूनही कदाचित कळेल.

आता मुख्य प्रश्न. घडविलेली मूर्ती भंगली की तिचे विसर्जन करावे, हा नियम सर्वांच्या तोंडी आहे. परंतु तो शाळिग्रामास लागू होत नाही. मूर्तीमध्ये देवत्व प्राणप्रतिष्ठेने येते, आणि मूर्ती भंगली म्हणजे त्या प्रतिष्ठेचा आधार गेला. शाळिग्राम आणि बाण यांना प्राणप्रतिष्ठा करावीच लागत नाही, त्यांच्या ठिकाणी सान्निध्य स्वयंभू मानले आहे. त्यामुळे शाळिग्राम फुटलेला, चिरलेला वा टवका उडालेला असला तरी चक्र शाबूत असल्यास तो पूज्यच राहतो, असे धर्मशास्त्रनिबंधांत आहे. आपला शाळिग्राम आजीने टवक्यासह पूजिला असेल तर तिने काहीही चूक केलेली नाही. नवा आणण्याच्या भरात घरात दोन शाळिग्राम मात्र होऊ देऊ नका. एक चालतो, दोन वर्ज्य आहेत, त्यापुढे सम संख्या चालते आणि विषम चालत नाही. हा नियम पाळणारी घरे आजही आहेत.

स्पर्शाविषयी. जुन्या ग्रंथांत स्त्रियांनी शाळिग्रामास स्पर्श करू नये असे म्हटले आहे, हे मी आपल्यापासून लपविणार नाही. तरीही ज्या घरात पूजा करणारे दुसरे कोणी उरले नाही, तेथे आजीने ती केली आणि देव उपाशी राहिले नाहीत. निषेध सांगणारे नातेवाईक रोज सकाळी येऊन पूजा करणार असतील तर त्यांचे ऐकावे, एरवी आपण निःशंकपणे करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुवर्णमुखीच्या पुडीबद्दल मला शास्त्राधार देता येत नाही. तो प्रश्न दगडाच्या जातीचा वाटतो.

खडकवाचक

वरील शेवटचे वाक्य अगदी योग्य आहे. मी भूविज्ञान शिकलो आहे, पूजा करीत नाही, परंतु या पाच दगडांइतका भूविज्ञानाचा सुबक संच मी दुसऱ्या कोणत्याही देवघरात पाहिलेला नाही.

आधी देवीचा दगड, कारण तेथे घाई आहे. पितळी झाक, खडबडीतपणा, पूड आणि गंधकाचा वास, या वर्णनावरून तो माक्षिक, म्हणजे पायराइट असावा. सुवर्णमुखी म्हणून अनेक घरांत हेच खनिज असते. पायराइटमध्ये लोह आणि गंधक असतात. दमट हवा आणि पाणी मिळाले की ते हळूहळू बदलते, लोहाचे सल्फेट तयार होऊन त्याची पूड पडते आणि सोबत थोडे गंधकाम्लही तयार होते. रोज अभिषेक, रोज ओले ताम्हण, पावसाळ्यात बंद देवघर. या दगडाचे जे होते आहे ते तसेच व्हायचे होते. संग्रहालयांतील जीवाश्मांनाही हा रोग होतो आणि तेथेही उपाय एकच आहे, कोरडेपणा.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की, हे आम्ल त्याच ताम्हणातील पाण्यात उतरते. शाळिग्रामात चुन्याचा अंश असेल तर तो त्याने खाल्ला जातो. आपल्या शाळिग्रामाचा टवका कशाने उडाला हे मी सांगू शकत नाही, परंतु दोघांना एका पाण्यात ठेवणे आजच थांबवा. देवीचा दगड कोरड्या मऊ कुंचल्याने झटकून, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावा आणि पूजा गंध-फूल दुरून दाखवून करावी. चिंच, लिंबू किंवा भांड्याची पूड लावून कोणताही दगड उजळण्याच्या फंदात पडू नये.

आता शाळिग्राम. त्यातील चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या, गोगलगायीसारखी वेटोळी कवची असलेल्या परंतु माखलीच्या कुळातील समुद्री प्राण्याचा ठसा. हिमालय उभा राहण्यापूर्वी तेथे टेथिस समुद्र होता. जुरासिक कालखंडाच्या उत्तरार्धात, साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी, मेलेल्या अमोनाइटच्या कवच्या त्याच्या तळाच्या काळ्या चिखलात रुतल्या, त्यांच्याभोवती खनिजे साकळून कठीण गोळे तयार झाले आणि पुढे चिखलाचा शेल खडक झाला. भारतीय भूखंड आशियाला भिडल्यावर हा समुद्रतळ उचलला गेला आणि आज नेपाळच्या मुस्तांग भागात, मुक्तिनाथाच्या परिसरात, साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर तो उघडा पडला आहे. काली गंडकी हा खडक कापते, गोळे सुटून पात्रात घरंगळत येतात, घासून गुळगुळीत होतात आणि एखादा फुटला की आतले वेटोळे दिसते. अमोनाइट पृथ्वीवरून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाले. वज्रकीट नावाचा किडा दगड पोखरून आत चक्रे कोरतो, ही जुनी समजूत मला फार आवडते. दगडातील आकृती एखाद्या जिवाची आहे, एवढे तरी पाहणाऱ्याने नेमके ओळखले होते.

विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. खऱ्या वेटोळ्याच्या फासळ्या आतून बाहेर जाताना रुंद होत जातात आणि कोठे तरी अर्धवट तुटलेल्या असतात; यंत्राने कोरलेल्या नकलेत त्या सारख्या जाडीच्या आणि संशय यावा इतक्या पूर्ण असतात.

संध्यापात्र

खडकवाचक, आपले आभार. एक पुस्ती जोडतो. २०२३ साली गंडकीकाठचे दोन प्रचंड शिलाखंड अयोध्येस नेण्यात आले, तेव्हा अनेक बातम्यांत त्यांना शाळिग्राम म्हटले गेले आणि त्यांतून मूर्ती घडवावी की नाही यावर वाद झाला. शाळिग्रामावर छिन्नी चालवू नये ही परंपरा आहे, कारण जो आधीच देव आहे त्याला घडवणार कोण? अखेर जानेवारी २०२४ मध्ये प्रतिष्ठित झालेली मूर्ती कर्नाटकातील कृष्णशिलेची आहे.

नर्मदाकाठ

बाणाविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. मी नर्मदेची पायी परिक्रमा केली आहे. नर्मदेतील प्रत्येक कंकर हा शंकर, असे तिकडे लहान मूलही म्हणते, आणि आपल्याकडे मात्र कितीही शिकविले तरी आत काही न शिरणाऱ्या माणसाला आपण ‘नर्मदेतला गोटा’ म्हणतो. एकाच दगडाची एका भाषेत पूजा आणि दुसरीत चेष्टा! अर्थात दोन्हींचे कारण एकच आहे. हा दगड गारेच्या जातीचा, अकीक-जास्परच्या कुळातील, अत्यंत कठीण असतो आणि युगानुयुगे पाण्यात राहूनही आत ओलावा घेत नाही.

सर्वांत नावाजलेले बाण नर्मदेतल्या धावडी कुंडातून येत. उंचावरून कोसळणाऱ्या धारेखाली दगड गरगर फिरत, एकमेकांवर आपटत आणि आपोआप लंबगोल होत. आता ते कुंड धरणाच्या जलाशयाखाली गेले आहे. आज बाजारात मिळणारे बहुतेक बाण खरगोन जिल्ह्यातील बकावां गावात घडविलेले असतात. दगड नर्मदेचाच, परंतु आकार चाकावर घासून दिलेला. मी तेथे उभा राहून ते काम पाहिले आहे. पाण्याची धार, चाकाची घरघर, आणि कारागिराच्या हातात ओबडधोबड खड्याचे काही वेळात शिवलिंग होते. मनात आले की कुंडातही याहून वेगळे काय घडत होते. तेथे चाक नदीचे होते, एवढेच. आमच्या गटातील काहींना मात्र हे मुळीच पटले नाही आणि त्यांनी पात्रातून स्वतः वेचलेलाच खडा घेतला.

जुन्या ग्रंथांत बाणाची परीक्षा सांगितली आहे. तो तांदळाशी पुन्हा पुन्हा तोलावा आणि प्रत्येक वेळी वजन वेगळे भरले तर तो खरा बाण. मी घरी तोलून पाहिला. वजन खरोखरच वेगळे भरले, परंतु माझ्या जुन्या तागडीत बटाटेही वेगळेच भरतात, त्यामुळे निष्कर्ष राखून ठेवला आहे. ताई, आपल्या बाणावरील पांढरी रेघ ही गारेची शीर आहे. आमच्याकडे तिला जानवेच म्हणतात आणि असा बाण भाग्याचा मानतात.

परखड

एवढी चर्चा वाचून आश्चर्य वाटले. दगडाला शेंदूर फासला की देव होतो, ही म्हण आपल्याच लोकांनी केली. शेंदूर लावलेल्या दैवतांची तुकोबांनी कोणत्या शब्दांत संभावना केली आहे तेही सर्वांना ठाऊक आहे. जीवाश्म आहे हे कळल्यावर तो संग्रहालयात द्यावा की पुन्हा ताम्हणात ठेवून गंध लावावे?

पांढरीची माती

परखड, आपली म्हण बरोबर आहे, परंतु ती देवावरची नसून माणसांवरची आहे. अंगी काही नसताना मान मिळालेल्यांसाठी ती वापरतात. प्रत्यक्ष गावात कोणताही दगड उचलून शेंदूर फासला तर देव होत नाही. जागा लागते. वेस, बांध, विहीर, तिठा, एखादे जुने झाड. आणि त्या जागेची कोणाला तरी आलेली प्रचिती. म्हसोबा बांधावरच असतो, वेताळाभोवती दगडांचे कडेच लागते, साती आसरा, म्हणजे सात जलदेवता, पाण्याकाठीच मांडतात. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या परिसरात अशी ठाणी पायी हिंडून पाहत. त्यांना तेथे अश्मयुगीन माणसाची गारेची बारीक हत्यारे सापडली आणि त्यावरून त्यांनी मांडले की, यांतील काही ठाणी प्राचीन पायवाटांच्या तिठ्यांवर आहेत. म्हणजे गाव नंतरचे, देऊळ त्याहून नंतरचे, आणि दगड आधीचा.

आपल्याकडील मोठ्या देवस्थानांतही हे दिसते. माहूरची रेणुका हा तांदळा आहे. हात, पाय, आयुधे काही नाही, केवळ मुख. शनिशिंगणापूरला छप्पर नाही, मूर्ती नाही, चौथऱ्यावर साडेपाच फुटांची काळी शिळा उघड्यावर उभी आहे. त्याच चौथऱ्यावर स्त्रियांना जाता यावे म्हणून झालेला संघर्ष २०१६ च्या गुढीपाडव्याला संपला. गणपतीपुळ्याला तर डोंगरच गणपती मानून त्याला प्रदक्षिणा घालतात. शेंदराचे म्हणाल तर तो तेलात कालवून वर्षानुवर्षे चढवीत गेल्यावर मूळ दगड किती आणि लेप किती हे पुजाऱ्यालाही सांगता येत नाही. मग एखाद्या वर्षी तो सगळा थर कवचासारखा सुटून पडतो आणि आत अगदी लहानसा, बुजरा दगड निघतो. आमच्या गावच्या मारुतीचे कवच पडले तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा होतो. नाकडोळे सगळे कवचावर होते. आतल्या दगडावर काहीच नव्हते. म्हातारी माणसे मुळीच गडबडली नाहीत, त्यांनी तेल-शेंदूर कालवायला घेतला.

देवघराबाहेरही दगड आपल्याला सोडत नाही. बारशाला वरवंट्याला कापडात गुंडाळून, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत पाळण्याखालून देतात आणि मग बाळाला पाळण्यात घालतात. लग्नात वधूचा पाय सहाणेवर ठेवून, या दगडासारखी स्थिर हो, असा मंत्र म्हणतात. आणि शेवटी स्मशानात ज्या खड्याने पाण्याचे मडके फोडतात, तो जीवखडा दहा दिवस जपून त्यावर तिलांजली देतात. या तिन्ही दगडांना कोणी शिल्पकाराने हात लावलेला नाही. तुमच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एवढेच म्हणतो की, संग्रहालयात जीवाश्म जपला जाईल हे खरे, परंतु त्याला रोज कोण हात लावील?

ताई, या सगळ्या चर्चेत आपला सहावा दगड राहून गेला. तो पंचायतनाचा नाही. गंध नंतरचे असू शकते. कापसाच्या बोळ्यावर गोडे तेल घेऊन, न घासता, खोलगट भागावर थोडा वेळ ठेवून पाहावे. खाली नारिंगी रंग दिसतो का?

खडकवाचक

नारिंगी रंग निघालाच तर हात साबणाने धुवा. शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड आहे. लहान मुलांच्या हाती तो दगड देऊ नये.

पितळी घंटा

अभिषेकाचा विषय निघालाच आहे म्हणून एक माहिती. दगड पाण्याने झिजत नाही, या समजुतीला उज्जैनच्या महाकाळानेच उत्तर दिले आहे. लिंगाची झीज होते हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१७ साली प्रत्येक भक्ताला शुद्ध केलेले अर्धा लिटरच पाणी वाहण्याची मर्यादा घालण्यात आली आणि २०२० मध्ये भक्तांनी लिंग चोळण्यास मनाई झाली. आमच्या घरी आता शाळिग्रामावर पळीभर पाणी, लगेच मऊ वस्त्राने पुसणे, आणि पंचामृत फक्त एकादशीला.

ताम्हण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काय काय केले ते सांगते.

देवीचा दगड वेगळा काढून दोन दिवस वाळविला आणि झाकणाच्या काचेच्या डबीत ठेवला. डबी ताम्हणाच्या वायव्य कोपऱ्यालगत ठेवते, म्हणजे मांडणी मोडली नाही. पूड पडायची जवळजवळ थांबली आहे. ताम्हण उजळून घेतल्यावर मध्यभागी एक गोल ठसा दिसला आणि त्यात बाण नेमका बसतो, त्यामुळे आमचे शिवपंचायतन आहे असे धरून चालले आहे. शाळिग्राम टवक्यासह ईशान्येस आहे. त्याला मीच हात लावते. विसर्जन सुचविणाऱ्या नातेवाइकांना पहिल्या प्रतिसादातील सम-विषमाचा नियम वाचून दाखविला. त्यानंतर त्यांनी नवा शाळिग्राम आणण्याचा विषय काढलेला नाही.

सहाव्या दगडावर तेलाचा बोळा ठेवला. पहिल्या दिवशी केवळ गंध मऊ झाले. दुसऱ्या दिवशी बोळा उचलला तर त्याला नारिंगी रंग लागला होता आणि दगडाच्या एका खाचेत शेंदूर स्पष्ट दिसत होता. मी लगेच आत्याला फोन केला. ती आधी हसली, मग म्हणाली की ती तिच्या आईच्या, म्हणजे आजीच्या, माहेरची आसरा आहे. आजीच्या माहेरची विहीर बुजवायची ठरली तेव्हा काठावरचे दगड घरोघरच्या बायकांनी नेले, त्यांतील एक आजीच्या वाट्याला आला. सासरच्या देवघरात शेंदराचा दगड चालणार नाही म्हणून तिने त्यावर गंधाचे थर चढविले आणि पंचायतनाच्या ताम्हणात तो कडेला ठेवून दिला. आजोबांना ठाऊक होते का, असे मी विचारले. आत्या म्हणाली, ते रोज पाचच देवांचे मंत्र म्हणत आणि फुले मात्र सहा वाहत.

तिला काय लागते तेही आत्याने सांगितले आहे. वर्षातून एकदा हळदकुंकू, हिरव्या बांगड्या आणि दहीभात, आणि नैवेद्य पाण्याजवळ दाखवायचा. आमच्याकडे विहीर नाही. सध्या ती ताम्हणाबाहेर, पाण्याच्या कलशाशेजारी आहे.